सोळा नंबरचा दगड

खोली भाड्याने देताना मालकांनी मला एकच अट घातली होती. मागची खिडकी लावायची नाही. थंडी पडली तरी नाही, पावसाची झड आत आली तरी नाही. मी अमरावतीचा, नवा नवा नाकेदार, म्हणजे जंगलखात्यातला सगळ्यात खालचा माणूस. खात्याच्या चौकीचं छप्पर वादळात उडून गेलेलं आणि गावात दुसरं कोणी मला ओसरीवर टेकू देत नव्हतं. तेव्हा अटीचं कारण विचारण्याची माझी टाप नव्हती. पहिल्याच दिवशी उजाडता उजाडता तोंडावर गरम श्वास आला म्हणून दचकून उठलो, तर खिडकीतून एक पांढरीशुभ्र गाय मान आत घालून माझ्याकडे टक लावून बघत होती. तिचं समाधान होईपर्यंत तिनं बघितलं आणि मग ती निघून गेली.

बाहेर मालक कडुनिंबाची काडी चावत बसले होते. मी जरा घुश्शातच त्यांना विचारलं.

"ती बगळी हाये," मालक म्हणाले. "घरात कोन कोन हाये ते पाह्यल्याशिवाय चरायले जात नाई. तू खिडकी लावली त तिले वाटन, हा मेला."

त्या दिवसापासून मी जिवंत असल्याची खात्री रोज सकाळी एका गाईकडून होत राहिली. नोकरीच्या पुढच्या तीस वर्षांत माझी इतकी चौकशी कोणी केली नाही.

ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-चार वर्षं आधीची. धनज आणि कामरगावच्या मधलं एक गाव. मालकांकडे लहानमोठी साठेक ढोरं होती आणि शेती होती ती जणू या ढोरांना कडबा मिळावा म्हणूनच. पंचक्रोशीत लोक त्यांना अर्धवट म्हणत, पण बैल विकत घ्यायचा झाला की आधी त्यांच्याकडे येत. अंगानं काटकुळे, मिशा पांढऱ्या, आणि डोक्याला बांधलेला रुमाल मी कधी सुटलेला पाहिला नाही. घरात एकच खुर्ची होती. तिच्यावर ढोरांसाठीची सरकीची ढेप ठेवलेली असे. पाहुणा कितीही मोठा असला तरी ढेप उतरत नसे. पाहुणा खाली बसे.

त्यांची बोलण्याची एक तऱ्हा होती. माणसं सगळी अरे-तुरे, मग तो सालदार असो की रेंजर. आणि ढोरांशी मात्र अहो-जाहो. "या, बसा. काहून उशीर केला?" असं संध्याकाळी अंगणातून ऐकू यायचं आणि मला वाटायचं, कोणी व्याही आले असतील. बाहेर जाऊन पाहावं तर दावणीला बैल. सकाळची वेळ ते घड्याळावर सांगत नसत. "ढोराईचा रवंथ झाला का निघू," म्हणायचे. रवंथ व्हायला किती वेळ लागतो हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांना कुठे उशीर झालेलाही मी पाहिला नाही.

दिवेलागणीच्या आधी त्यांचा एक नेम असे. गोठ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि प्रत्येक जनावराची मान खाजवायची. आधी मानेखालची लोंबती पोळी, मग कानामागे, मग वर. एकही सुटायचं नाही. घरात पाहुणे असोत, ताप असो, कोणी बाळंत होत असो, हा नेम चुकायचा नाही. माणसांना हात लावायचा मात्र त्यांना कंटाळा. स्वतःच्या नातवालाही ते लांबूनच "हं, हं" करत. मालकीणबाई, ज्यांना मी माय म्हणायचो, एकदा हसत हसत मला म्हणाल्या, "चाळीस वर्ष झाले लग्नाले. माह्या मानेवर हात नाई आला कधी. पुढच्या जन्मी गाय होतो आता."

तर अशा माणसाच्या घरात मी राहत होतो आणि दिवसा त्याच्याच ढोरांना सरकारी रानातून हाकलत होतो. त्याचं कारण रमणा. गावाच्या उत्तरेला एक टेकडी. तिच्या अंगावर आणि पायथ्याला सरकारी गवताचं रान होतं, त्याला रमणा म्हणत. पायथ्याशी एक नाला होता आणि सबंध उन्हाळ्यात ढोरांना प्यायला पाणी असं तेवढंच. गावची ढोरं पिढ्यान्‌पिढ्या तिथं चरायची आणि पाणी पिऊन परतायची. सरकारनं एका वर्षी ठरवलं की रमणा राखायचा, गवत कापून न्यायचं, आणि हद्दीच्या आत शेपूट दिसलं तरी ते जनावर कोंडवाड्यात घालायचं. गावानं अर्ज केले. अर्जांना उत्तरं आली नाहीत, हुकूम मात्र आला.

हुकमाची दवंडी द्यायला कोतवाल आला तेव्हा मी बरोबर होतो. मालकांनी त्याला चावडीसमोर डफ वाजवू दिला नाही. हाताला धरून, म्हणजे त्याच्या धोतराला धरून, ते त्याला आखरावर घेऊन गेले. आखर म्हणजे गावाबाहेरचं मोकळं पटांगण, जिथं सकाळी सगळ्या गावची ढोरं जमतात आणि तिथून गायकी, म्हणजे गावचा गुराखी, त्यांना रानात नेतो. तिथं अडीचशे ढोरं उभी होती. मालक म्हणाले, "बंदी कोनावर हाये? ढोराईवर. मंग त्याईले वाचून दाखव."

कोतवाल माझ्याकडे बघू लागला. मी हुकूम नीट वाचला होता, आणि खरं सांगायचं तर त्यात "जनावरांस मनाई" असंच लिहिलं होतं. शेवटी कोतवालानं डफ वाजवला आणि अडीचशे ढोरांपुढे हुकूम वाचून दाखवला. ढोरांनी तो शांतपणे ऐकला. एक वासरू तेवढं मध्येच ओरडलं. "तो हरकत घेऊन राह्यला, लिहून घे," मालक म्हणाले. ही गोष्ट कामरगावच्या बाजारापर्यंत पोचली, तिथून रेंजरसाहेबांच्या कानावर गेली, आणि लोक आपल्या खात्याला हसतात हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्यांनी मालकांवर दात धरला तो तेव्हापासून.

मी पहिल्यांदा मालकांची ढोरं पकडून कोंडवाड्याकडे नेली, तेव्हा मला वाटलं होतं आज आपल्याला घराबाहेर काढतील. मालक ढोरांच्या मागोमाग चालत आले, ढोरं आत गेली तसे स्वतःही आत गेले आणि एका कोपऱ्यात बसून राहिले. कोंडवाडेदारानं त्यांना बाहेर यायला सांगितलं. ते म्हणाले, ढोरं घाबरतात, मी आपला इथं बरा. माणसाला कोंडवाड्यात ठेवायचा कायदा नाही आणि बसलेल्या माणसाला बाहेर ओढायचा हुकूमही नाही, त्यामुळे कोंडवाडेदार दिवसभर कपाळाला हात लावून बसला. संध्याकाळी ढोरं सुटली तसे मालकही सुटले. घरी परतल्यावर त्यांनी मला नेहमीसारखा ताकाचा गडवा पाठवला. शिव्या घातल्या असत्या तर मला जास्त बरं वाटलं असतं.

आता त्या दगडाकडे येतो. पावसाळ्याआधी रमण्याची हद्द पक्की करायचा हुकूम झाला. नकाशावर अठरा ठिकाणं दाखवलेली. प्रत्येक ठिकाणी दगड रचून कंबरभर उंचीचा बुरूज उभारायचा, त्याला चुन्याचा पट्टा मारायचा आणि वर डांबरानं नंबर घालायचा. गावातला एकही माणूस या कामाला आला नाही. बाहेरगावाहून आणलेली दोन माणसं पंधराव्या बुरुजापर्यंत टिकली आणि ऊन लागल्याचं निमित्त करून पळाली. सोळावा बुरूज नाल्यापलीकडे, टेकडीच्या खांद्यावर यायचा होता. वैशाखातली दुपार, पायांखाली तापलेला खडक, आणि मी एकटा. तेवढ्यात नाल्याच्या अलीकडे, गावाच्या बाजूला, मला एक दगड उभा दिसला. छातीएवढा उंच, जमिनीत घट्ट रोवलेला, आणि चारी बाजूंनी गुळगुळीत. मी मनाशी म्हटलं, हा कोणत्या तरी जुन्या साहेबानं बसवलेला सरकारी दगड असणार. आयता बुरूज मिळाला. नकाशावरच्या जागेपासून तो तीन-चारशे पावलं खाली होता, पण तीन-चारशे पावलं कोण मोजतंय. मी चुन्याचा पट्टा मारला आणि डांबरानं सुबक सोळा काढला. पुढचे दोन बुरूज मग त्या दगडाला धरून सरळ रेषेत लावून टाकले.

नंबर घालत होतो तेव्हा मालक पळसाखाली बसले होते.

"नाकेदार, त्या दगडावर लिहू नको," ते म्हणाले. "राह्यत नाई त्याच्यावर काई."

मी अंगावरच्या खाकीला शोभेल अशा आवाजात त्यांना सांगितलं की हे सरकारी काम आहे.

"लिह्य मंग," ते म्हणाले, आणि तंबाखू मळायला लागले.

चार दिवसांनी नंबर नाहीसा झाला. मी पुन्हा घातला. तोही गेला. तिसऱ्यांदा घातला तेव्हा दोन हात डांबर जास्त लावलं, तरी आठवड्यात सगळं साफ. बाकी सगळे बुरूज जसेच्या तसे होते. मी चिडलो आणि रेंजरसाहेबांना रिपोर्ट लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं आणि मला त्याचा गर्व होता. ओघात लिहून गेलो की अमुक इसमाने नंबर घालतेवेळीच तो राहणार नाही असे बजावले होते.

रेंजरसाहेबांना हवं होतं ते घरबसल्या मिळालं. हद्दीची खूण पुसणं म्हणजे साधा गुन्हा नाही. त्याला कैद आहे. त्यांनी मालकांवर खटल्याचे कागद तयार केले, आणि वर लिहिलं की असा गाव असेल तर नाल्यासकट सगळा रमणा कायमचा बंद करावा. चौकशीला खात्याचे मोठे साहेब येणार असल्याचं कळलं तेव्हा गावात कोणी मोठ्यानं बोलेना. पाणी गेलं तर ढोरं ठेवायची कुठं, असं जो तो विचारू लागला. दोघांनी तर आपल्या गाई बाजाराला काढल्या. मला मात्र दुसरंच खात होतं. माझ्या एका ओळीमुळे हा म्हातारा तुरुंगात जाणार होता, आणि मी त्याच्या घरी राहून त्याचं ताक पीत होतो. मी त्यांना म्हटलं, मालक, तुम्ही पुसला नसेल तर तसं सांगा, मी रिपोर्ट बदलून देतो. ते म्हणाले, "तू लेहलं ते तुहं काम होतं." आणि गोठ्याकडे निघाले. माय त्या दिवसांत चुलीपुढे बसून डोळे पुसायच्या आणि मला बघून धुराला नावं ठेवायच्या.

चौकशीच्या दिवशी सकाळी बगळीनं नेहमीप्रमाणे खिडकीतून मान आत घातली. मला रात्रभर झोप नव्हती. मी तसाच पडून तिच्याकडे बघत होतो. तिच्या पांढऱ्या मानेवर काळा डाग होता. असे डाग मी पंधरा दिवस सगळ्या ढोरांच्या मानांवर बघत होतो आणि मला वाटायचं, जुवानं मान सोलते त्यावर मालकांनी काहीतरी औषध लावलं असेल. पण त्या सकाळी कुठून तरी डोक्यात उजेड पडला. गाईच्या मानेवर जू कुठून येणार?

उठलो आणि त्या डागावर नख घासलं. डांबर होतं ते. त्यात चुनाही मिसळलेला होता.

तो दगड कुठल्याही साहेबानं बसवलेला नव्हता. गावानं तो ढोरांसाठी रोवला होता, मान घासायला. पाणी पिऊन आलेली ढोरं एकामागून एक त्याला मान घासून जायची, आणि मी रमण्याच्या दुसऱ्या टोकाला असलो की अजूनही जात होती. त्याचा गुळगुळीतपणा छिन्नीचा नव्हता, मानांचा होता. खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मी शहरातून आलेलो, मी त्यावर नंबर घातला.

मी धावत अंगणात गेलो आणि मालकांना विचारलं की हे तुम्ही सांगत का नाही.

"सांगतलं त काय होईन?" ते म्हणाले. "दगड तुह्या हद्दीत. ढोरं तिथी गेले असं मीच कबूल केल्यासारखं होते. मी सुटतो, अन् साऱ्या गावाचे ढोरं कोंडवाड्यात. कायमचे." मग थोडं थांबून म्हणाले, "अन् ढोराची चुगली मी करत नसतो."

त्यांना ठाऊक नव्हतं ते मला एकट्याला ठाऊक होतं. दगड हद्दीत नव्हताच. हद्द वर टेकडीच्या खांद्यावर होती आणि उन्हाला कंटाळून मीच ती खाली ओढली होती. हे सांगितलं तर माझी नोकरी जाणार होती. घरी विधवा आई होती, मोठ्या वशिल्यानं मिळालेली नोकरी होती. नाल्यापर्यंत चालत जाताना मी तीनदा ठरवलं की सांगायचं आणि तीनदा ठरवलं की नाही सांगायचं.

मोठे साहेब वयस्कर, पेन्शनला टेकलेले, हिंदुस्थानी बोलणारे होते. दगडाजवळच आंब्याखाली त्यांची खुर्ची टाकली होती. गाव जरा अंतर राखून उभं होतं. रेंजरसाहेबांनी माझा रिपोर्ट मोठ्यानं वाचला. माझीच वाक्यं ऐकताना माझे कान गरम झाले. साहेबांनी मालकांना विचारलं, नंबर तुम्ही पुसला का. मालक नाही म्हणाले. मग कोणी पुसला, तुम्हाला माहीत आहे का. मालक हो म्हणाले. मग त्याचं नाव सांगा.

"नाव सांगत नसतो," मालक म्हणाले. "तुले मले न्याचं त ने."

रेंजरसाहेबांचा चेहरा खुलला. साहेबांनी टाक उचलला. तो टाक मी अजून विसरलो नाही. मी पुढे झालो आणि तोंडातून निघून गेलं की हुजूर, हा दगड सोळा नंबरचा नाहीच. मग सगळंच सांगितलं. वैशाखातलं ऊन, पळालेली माणसं, आयता दगड, न मोजलेली पावलं. बोलता बोलता रडायला आलं, तेही लपवलं नाही.

साहेबांनी नकाशा मागवला. मग त्या वयात ते भर उन्हात नाला ओलांडून टेकडीच्या खांद्यापर्यंत स्वतः चालत गेले, मागे धापा टाकत रेंजरसाहेब आणि त्यांच्यामागे मी. नकाशावरच्या जागेवर गवताशिवाय काही नव्हतं. साहेब परत आले आणि दगडावरून त्यांनी हात फिरवला.

एव्हाना दुपार झाली होती आणि गायकीनं ढोरं पाण्यावर आणली होती. त्याला कोणी नको सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ढोरांनी ऐकलं नसतं. पाणी पिऊन बगळी सरळ वर आली. साहेबांच्या खुर्चीला वळसा घालून ती दगडापाशी गेली, डोळे मिटले आणि मान घासायला लागली. रेंजरसाहेब तिला हाकलायला पुढे झाले तेव्हा साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. तिचं घासून पुरं होईपर्यंत कोणी हललं नाही.

"इनका बयान हो गया," साहेब म्हणाले.

त्यांनी मालकांना विचारलं, हा दगड किती जुना. मालक म्हणाले की माझ्या आज्याने पाहिला तेव्हाही तो असाच गुळगुळीत होता. साहेबांनी ते लिहून घेतलं. निकाल तिथंच झाला. हद्द नकाशाप्रमाणे टेकडीच्या खांद्यावर, नाला, दगड आणि पायथ्याचं गवत गावच्या ढोरांना मोकळं, खटला रद्द. मला बडतर्फ केलं नाही. सोळा ते अठरा, तिन्ही बुरूज माझ्या हातानं योग्य जागी उभारायची शिक्षा दिली. जाताना माझा रिपोर्ट परत देत म्हणाले, "लिखावट अच्छी है. चलना कम है."

गावानं जयजयकार वगैरे काही केला नाही. बाया घरी गेल्या, माणसं ढोरांमागे गेली. बाजाराला काढलेल्या गाई परत दावणीला बांधल्या गेल्या. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता आणि मी इतका हलका झालो होतो की आंब्याखालीच आडवा झालो आणि उन्हं कलेपर्यंत झोपलो.

बुरूज उभारायला मला पाच दिवस लागले. मालक रोज तिथं येऊन बसायचे. सरकारी दगडाला हात लावणार नाही म्हणाले, आणि लावलाही नाही. पण कोणता दगड कशावर बसेल ते काठीनं दाखवत राहिले. ते बुरूज अजून उभे आहेत. मागे एकदा कारंज्याला लग्नाला गेलो असताना मुद्दाम वाट वाकडी करून पाहून आलो. मालक तेव्हा नव्हते. खालच्या दगडावर अजूनही कुठला नंबर नव्हता.

पाचव्या दिवशी काम संपवून परत आलो तेव्हा हात सोललेले होते आणि मान अवघडून लाकूड झाली होती. खोलीपर्यंत जायचंही त्राण नव्हतं. अंगणातच, दावणीच्या शेवटी, बगळीच्या पलीकडे भिंतीला टेकून बसलो. दिवेलागणीच्या आधीची वेळ. मालकांचा नेम सुरू होता. त्या टोकापासून ते एकेकाची मान खाजवत येत होते, "हं, बसा, बसा" म्हणत. बगळीपाशी आले. तिची पोळी खाजवली, कानामागे खाजवलं. मला वाटलं, आता हात झटकून घरात जातील.

ते माझ्यापुढे येऊन थांबले.

"मान खाली कर," म्हणाले.

मी केली. त्यांची राठ बोटं माझ्या मानेवर आली, आधी कानामागे, मग वर, अगदी बगळीची खाजवली तशीच, ना कमी ना जास्त. आतून माय बघत होत्या. त्यांच्या हातातला तवा तसाच राहिला. माझे डोळे आपोआप मिटले.

"झालं," मालक म्हणाले. "आता बस रवंथ करत."